पाऊस हटला की साम्राज्य बुडतं?

पंचवटीचा परीक्षार्थी : एमपीएससीच्या नोट्स काढतोय. इ.स.पू. २२०० च्या सुमारास कोरडं पडलं आणि मेसोपोटेमियातलं अक्कड साम्राज्य बुडालं, पुढे हडप्पाची शहरं ओसरली, मग आजच्या तुर्कस्तानातलं हित्ती साम्राज्य आणि शेवटी आपली महाराष्ट्रातली जोर्वे संस्कृती. कारण सगळीकडे तेच, हवामान. मग राजे करत काय होते? आणि नाशिकला हे लागू पडतं का?

सिन्नरचा निवृत्त मास्तर : बाबा रे, जोर्वेला त्या रांगेतून आधी बाहेर काढ. तिथे साम्राज्य नव्हतं, शेती-गुरं करणारी गावं होती. घोड नदीकाठच्या इनामगावात इ.स.पू. १००० नंतर मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गहू घटला, शिकार वाढली. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी याची सांगड कोरड्या हवेशी घातली. पण लोक त्यानंतरही तिथे तीनेकशे वर्षं राहिले, हे नोट्सवाले गाळतात.

आता नाशिक. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, मुखासमोर समुद्रतळाचा गाळ तपासून २०१२ साली निष्कर्ष आला की खोऱ्यातला कोरडेपणा साधारण ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत वाढत गेला. सातवाहनांचं राज्य नेमकं याच काळातलं! नुसत्या पावसावर हिशोब असता तर ते उभेच राहिले नसते.

त्यांच्या काळात पैसा शेताबाहेरही फिरत होता. पांडवलेण्यांत त्यांचा प्रतिस्पर्धी क्षत्रप राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याचा लेख आहे : नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण नाण्यांची कायम ठेव, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च. सोपारा, भडोचची बंदरं चालू, घाटांतून माल उतरतोय. आमच्या तालुक्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा मारलाय. नहपानाची सत्ता कुणी संपवली हे त्यावरून कळतं. त्याला दुष्काळ लागला नाही.

येवल्याचा कांदेवाला : सर, एक शंका. आज एकाच जिल्ह्यात इगतपुरीला ३००० मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि आमच्याकडे ५०० च्या आसपास. समुद्रातला गाळ सगळ्या खोऱ्याची सरासरी सांगणार. गोवर्धनला तेव्हा काय पडत होतं, ते त्यावरून कसं ठरवायचं?

सिन्नरचा निवृत्त मास्तर : नाही ठरवता येत. म्हणून तर स्थानिक पुरावा लागतो. हित्तींच्या बाबतीत तो मिळाला. मध्य अनातोलियात, म्हणजे तुर्कस्तानात, गॉर्डियनला सापडलेल्या जुनिपर झाडाच्या लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून इ.स.पू. ११९८ ते ११९६ अशी सलग तीन वर्षं फार कोरडी गेल्याचं दिसतं. एक वर्ष कोठारं तारतात. लागोपाठ तीन वर्षं म्हणजे बियाणंही खाऊन टाकायची वेळ. त्याआधीच तिथे इजिप्तहून धान्य येत होतं, म्हणजे ओढाताण जुनी.

पंचवटीचा परीक्षार्थी : मग पेपरात काय लिहू?

सिन्नरचा निवृत्त मास्तर : हित्तींना दुष्काळ लिही, पण 'एकमेव' शब्द दिसला की तो पर्याय सोड. नहपानाला गौतमीपुत्र.