मदत हवी आहे: कोपराजवळ बायसेप्सचं टेंडन (दंडाचा स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) तुटलंय, ऑपरेशन करून घ्यावं का?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ (वय ४६) द्राक्षबागेत काम करतो. गेल्या आठवड्यात घसरणारी क्रेटची थप्पी उजव्या हाताने सावरताना कोपरात कट्‌कन आवाज आला. आता तिथे काळंनिळं पडलंय, बेटकुळी वर सरकून गोळा झालीय. कोपर वाकतं, पण पान्याने नट पिळायला गेलं की जोरच लागत नाही. एमआरआयमध्ये टेंडन हाडापासून पूर्ण सुटलेलं दिसलं.

डॉक्टर म्हणतात, खांद्याकडचं टेंडन तुटलं असतं तर बऱ्याचदा व्यायामावर भागतं. कोपराकडचं मात्र दोन-तीन आठवड्यांत जोडलेलं बरं, नंतर ते आखडतं. मला पटतंय. पण घरचे हात चोळून घ्यायला न्यायचं म्हणतात, त्याचीच जास्त काळजी वाटते. सुटलेलं टेंडन चोळून हाडाला चिकटणार कसं?

ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: हात किती दिवस बांधून ठेवला होता? फिजिओथेरपी कधी सुरू झाली, वजन उचलायला परवानगी कधी मिळाली? कोपराखाली बधिरपणा आला का? आणि ऑपरेशन न करता कुणी शेतीची कामं चालू ठेवली असतील, तर हाताची ताकद किती राहिली? निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे.