व्हायरस काढूनही परत आला की साफसफाई बंद, थेट फॉरमॅट. पटतंय का?

खटपट्या

घरचा कॉम्प्युटर आणि चिवट व्हायरस या विषयावर माझं मत आता पक्कं झालंय. मांडतो, पटलं नाही तर खुशाल झोडपा.

पूर्ण स्कॅन केला, सापडलं ते काढलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि तरी तोच प्रकार पुन्हा दिसला, तर तिथेच थांबावं. दुसरा अँटिव्हायरस, तिसरा क्लीनर, कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेलं 'रिमूव्हल टूल' या फेऱ्यात पडूच नये. कामाच्या फाईली बाजूला काढाव्यात, डिस्क कोरी करावी आणि विंडोज नव्याने टाकावं.

मध्यंतरी एका नातेवाइकांचा लॅपटॉप बघायला आला. लॉगिन केलं की एक काळी खिडकी क्षणभर उघडून मिटायची, बस्स. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर, त्याच्या मते सगळं आलबेल. विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लूजन्सची (काय तपासायचं नाही त्याची) यादी उघडली तर तिथे अख्खा सी ड्राईव्ह! म्हणजे पहारेकरी जागेवर, पण त्याला आधीच सांगून ठेवलंय की घराकडे बघू नकोस. ती नोंद काढली, मग स्कॅनमध्ये घाण सापडली, तीही काढली. रीस्टार्ट केल्यावर नोंद पुन्हा हजर. शेवटी टास्क शेड्युलरमध्ये (ठरवून दिलेली कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) ब्राउझर अपडेटचं नाव घेऊन बसलेलं एक टास्क निघालं. दर लॉगिनला ते गुपचूप पॉवरशेल (विंडोजला लेखी हुकूम द्यायची सोय) चालवत होतं.

ते उडवलं आणि लक्षणं थांबली. पण तोवर त्याने नेटवरून आणखी काय काय उतरवून घेतलं असेल, हे कोण सांगणार? दिसलं ते काढलं; न दिसलेल्याची खात्री कशी देणार? म्हणून लक्षणं गेल्यावरही तो लॅपटॉप फॉरमॅट केला. साफ केलेल्या मशीनवर बँकेचं लॉगिन करायला माझा तरी हात धजत नाही.

निवांत

असहमत, आणि जोरात असहमत.

फॉरमॅट हे निदान नाही, निदान टाळण्याचा मार्ग आहे. तुम्ही तरी टास्क शोधलंत. बहुतेक लोक काय झालंय हे न बघताच सगळं पुसतात, आणि मग 'फॉरमॅट करूनही व्हायरस परत आला' म्हणून कपाळाला हात लावतात. परत येणारच. तो डिस्कवर नव्हताच मुळी!

सगळ्यात जास्त दिसणारा नमुना म्हणजे ब्राउझरचं एक्स्टेन्शन, ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. होमपेज आपोआप बदलतं, शोधायला काही टाकलं की भलत्याच साईटवर जातं. माणूस विंडोज नव्याने टाकतो, क्रोम टाकतो, आपल्या खात्याने साईन इन करतो, आणि सिंक (खात्यात साठवलेली सेटिंग परत आणणारी सोय) इमानेइतबारे तेच एक्स्टेन्शन परत आणून बसवतं. अर्धा दिवस वाया गेला आणि रोगी जैसे थे.

दुसरा नमुना तर व्हायरसच नाही. उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरवर धोकादायक व्हायरस सापडले' असा चौकोन येत राहतो. नीट बघा, त्या चौकोनात बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि कुठल्यातरी साईटचं नाव असतं. कधीतरी 'अलाउ'वर क्लिक झालेलं असतं, त्याची ही कृपा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साईट काढली की संपलं. यासाठी डिस्क पुसायची?

शिवाय लागण झालेला पेनड्राईव्ह तसाच टेबलावर पडलेला असतो. फॉरमॅटनंतर पहिली गोष्ट काय, तर तोच पेनड्राईव्ह लावून बॅकअप परत घेणं. धन्य!

सावळागोंधळ

खटपट्या, फॉरमॅट म्हणायला सोपं आहे हो. माझ्याकडच्या जुन्या मशीनवर हिशेबाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्याची सीडी हरवली, कंपनी बंद पडली, लायसन्स त्या विंडोजला बांधलेलं. प्रिंटरचा ड्रायव्हर मिळवायलाच किती उपद्व्याप केले होते ते माझं मला माहीत. असल्या मशीनला फॉरमॅट मारणं म्हणजे मशीन भंगारात काढणंच. मी सेफ मोड (मोजक्याच गोष्टींवर विंडोज सुरू करणं), स्कॅन, ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दाखवणारं टूल) हेच करत राहणार.

खटपट्या

@निवांत, नोटिफिकेशनचं मान्य, तो व्हायरस नाहीच. पण मी म्हटलंय की 'स्कॅनमध्ये सापडून, काढून, पुन्हा आला तर'. एक्स्टेन्शनवाल्याला फॉरमॅट सांगणारा मी नव्हे.

तुमच्या निदानाच्या आग्रहात मात्र एक गृहीतक आहे, की विंडोजला विचारलं तर विंडोज खरं सांगेल. रूटकिट, म्हणजे विंडोजच्या पोटात शिरून स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम, असेल तर तेच होत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक अपडेट आला आणि कितीतरी एक्सपी मशीन निळ्या पडद्यावर अडकली. लोकांनी मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या. नंतर कळलं की त्या मशीनमध्ये अल्यूरिऑन नावाचं रूटकिट आधीपासून दडलेलं होतं. अपडेटने कर्नल (विंडोजचा गाभा) बदलला आणि रूटकिटचे हिशेब चुकले. तोवर त्या मालकांना आपल्या मशीनवर काही आहे याची गंधवार्ता नव्हती!

दुसरं, फाईलींना चिकटणारे व्हायरस. सॅलिटी, वायरट, रॅमनिट ही मंडळी वेगळी फाईल बनवून गप्प बसत नाहीत, डिस्कवरच्या एकेका प्रोग्रॅममध्ये शिरतात. सॅलिटी तर रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) सेफ मोडच्या नोंदीच पुसून टाकतो. @सावळागोंधळ, तुमचा सेफ मोड तिथेच गेला. वायरटचं लिखाण इतकं गचाळ होतं की कित्येक फाईली दुरुस्त करण्याच्या पलीकडे जायच्या. अँटिव्हायरस 'क्लीन' म्हणतो आणि प्रोग्रॅम उघडतच नाही. अशा वेळी साफसफाई म्हणजे नुसता वेळेचा चुराडा.

निवांत

अहो, २०१० मध्ये कुठे अडकलात? विंडोजला विचारायचं नसेल तर विचारू नका. डिफेंडरमध्येच ऑफलाईन स्कॅन दिलेला आहे. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच स्कॅन चालतो, साधारण १५ मिनिटांत आटोपतो. लपणाऱ्याला लपायला विंडोजच चालू नसतं. एवढं साधं हत्यार समोर असताना लोक त्याला हात न लावता थेट फॉरमॅटवर उडी मारतात, माझी तक्रार तिथे आहे.

आणि हो, दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. दोघं एकमेकांच्या फाईली अडवतात, मशीन गोगलगाय होतं, आणि पुन्हा दोष व्हायरसला.

पेंग्विनप्रेमी

विंडोज सोडा, लिनक्स टाका, प्रश्नच मिटला.

सावळागोंधळ

आलेच! @पेंग्विनप्रेमी, त्यावर माझं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवून दाखवा, मग बोलू.

रात्रपाळी

या कामातच दिवस (आणि रात्री) जातात म्हणून बोलतो. तुम्ही दोघेही मशीनवर भांडताय, आणि ज्याची काळजी करायची ते मशीनमधून कधीच बाहेर गेलंय.

हल्ली घरगुती लागणीत जे येतं त्यात माहिती चोरणाऱ्या प्रोग्रॅमचा भरणा मोठा आहे. रेडलाईन, लुमा वगैरे. लुमाचंच सांगतो: मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये त्याच्यावर कारवाई केली तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ३,९४,००० पेक्षा जास्त विंडोज मशीन बाधित आढळल्याचं जाहीर केलं होतं. या जातीला चिवट असण्याची गरजच नसते. एकदा चाललं की ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड, कुकीज, क्रिप्टो वॉलेट असं हाताला लागेल ते उचलायचं आणि पाठवून द्यायचं. कित्येकदा काम झाल्यावर स्वतःला पुसूनही टाकतं. तुम्ही स्कॅन करा नाहीतर फॉरमॅट, गेलेलं परत येत नाही.

त्यातली कुकी लोक विसरतात. कुकी म्हणजे 'हा माणूस आधीच आत आलेला आहे' अशी चिठ्ठी. ती चोराकडे गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदलायचा, 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आऊट' करायचं, रिकव्हरीचा फोन नंबर आणि मेल फॉरवर्डिंगचे नियम तपासायचे, मग बँक आणि बाकीची खाती. मशीनला हात नंतर. बाधित मशीनवर बसून नवे पासवर्ड टाकणारे बघितले की डोकं धरून बसावंसं वाटतं. ते नवे पासवर्डही पोचतात त्याच पत्त्यावर.

मग मशीनचं काय? त्या बाबतीत मी खटपट्यांच्या बाजूचा. चोरी करणारं काही सापडलं तर मी पुसतोच.

कुंपणावरचा

वाचतोय. एक शंका. बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा, मदरबोर्डच्या चिपमधला प्रोग्रॅम) शिरणारे व्हायरसही असतात म्हणे, ते फॉरमॅटनेही जात नाहीत? मग खटपट्यांचा रामबाण तिथे फसला की.

रात्रपाळी

असतात, पण घरच्या मशीनवर त्यांच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका. मदरबोर्डच्या चिपमध्ये घर करणारा लोजॅक्स प्रत्यक्ष हल्ल्यात सापडला तो २०१८ मध्ये, आणि त्याचं लक्ष्य सरकारी संस्था होत्या. त्याआधी १९९८ चा सीआयएच होता, तो बायोसची चिप खराब करायचा, पण तो नासधूस करणारा, मुक्काम करणारा नव्हे. २०२३ मध्ये गाजलेला ब्लॅकलोटस चिपमध्ये नसतो. डिस्कवरच्या ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये (डिस्कचा वेगळा भाग, जिथून विंडोज सुरू होतं) असतो. त्यामुळे फॉरमॅट करणाऱ्याने फक्त सी ड्राईव्ह पुसून समाधान मानू नये. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं डिलीट करावीत आणि रिकाम्या जागेत इन्स्टॉल करावं. डेटा आधी बाहेर काढून, हे सांगायला नको. पण सांगतोच, कारण डी ड्राईव्ह वेगळी डिस्क आहे, तिथला डेटा राहीलच असं समजून सगळी पार्टिशनं उडवणारे भेटतात.

खटपट्या

+१. आणि विंडोजच्या 'रिसेट'मध्ये 'माझ्या फाईली ठेवा' हा पर्याय मी फॉरमॅटमध्ये धरत नाही. 'सगळं काढा' आणि क्लाउड डाउनलोड (विंडोज नेटवरून नव्याने उतरवणं), किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवलेला इन्स्टॉलेशनचा पेनड्राईव्ह.

डेटा काढताना फोटो, कागदपत्रं, व्हिडिओ एवढंच घ्यायचं. सेटअप फाईली, क्रॅक, स्क्रीनसेव्हर काही नाही. जपून ठेवलेली वेबपानंही नकोत, रॅमनिट आणि वायरट त्यातही शिरतात. शक्यतो लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राईव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) मशीन सुरू करून काढायचं (पेंग्विनप्रेमी, तेवढं तुमचं खरं).

निवांत

ठीक आहे, चोरी करणारं सापडलं तर पुसा, मी आडवा येणार नाही. पण हे कळणार कसं? निदान केल्यावरच! स्कॅनच्या अहवालात जे नाव येतं ते वाचायची तसदी घ्या. 'ट्रोजन' (उपयोगी असल्याचं सोंग घेऊन शिरणारा प्रोग्रॅम) शब्द दिसला की घबराट आणि 'ॲडवेअर' (जाहिराती दाखवणारा) दिसलं की दुर्लक्ष, असं नको. नाव शोधा, ते काय करतं ते वाचा, मग ठरवा.

आणि आत शिरलं कुठून हेही बघा. हल्ली एक नवी तऱ्हा आहे. वेबसाईट म्हणते, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोज आणि आर ही बटणं दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. माणूस स्वतःच्या हाताने रन खिडकीत पॉवरशेलचा हुकूम चिकटवून चालवतो. ज्या घरात हे झालंय तिथे फॉरमॅट करून मशीन परत दिलंत आणि त्या माणसाला काही सांगितलं नाहीत, तर पुढच्या वेळचं फॉरमॅट आत्ताच ठरवून टाका.

आता तुमच्या नियमाला माझा शेवटचा आक्षेप. रॅन्समवेअर. सगळ्या फाईलींची नावं बदललीत, प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी आहे. तुमच्या नियमाने डिस्क पुसली, तर त्या कुलूपबंद फाईलीही गेल्या. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला 'नो मोअर रॅन्सम' उपक्रम आहे. तिथे कित्येक जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात. आज नसलेली किल्ली नंतर येऊ शकते. पण कुलूपच फेकून दिलेल्याने किल्ली घेऊन काय करायचं?

खटपट्या

रॅन्समवेअरचं बिनशर्त मान्य. तिथे डिस्क काढून बाजूला ठेवायची आणि नवीन डिस्कवर विंडोज टाकायचं. बाकीच्यात मी ढळत नाही. नाव वाचून ठरवा म्हणता, पण तो अहवाल सापडलेल्याचाच असतो. माझ्या नातेवाइकांच्या लॅपटॉपवर त्या टास्कने आणलेलं दुसरं काही असतं, तर ते कुठल्या अहवालात वाचणार होतो?

निवांत

आणि काही नसतं, तर त्यांनी वर्षानुवर्षं लावलेली सगळी घडी उगाच विस्कटली ना? बँकेच्या लॉगिनची भीती असेल तर ऑफलाईन स्कॅन, ऑटोरन्स आणि थोडे दिवस नजर. माझं उत्तर तेच राहील.

सावळागोंधळ

डिस्क काढून ठेवायची कल्पना मला रॅन्समवेअरशिवायही आवडली. जुनी डिस्क तशीच राहू दे, तिला नेट द्यायचं नाही, फक्त हिशेबापुरती लावायची. रोजच्या वापराला नवी डिस्क, नवं विंडोज. तेवढा त्या प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर कसा चालवायचा, जाणकारांनी प्रकाश टाकावा.