घरच्या भुईमुगाचं तेल: लाकडी घाणा घ्यावा की एक्सपेलर?

कृष्णाकाठची_लेक: नमस्कार. वाळवा तालुक्यात आमचा उन्हाळी भुईमूग असतो. शेंग बाजारात नेली की भाव पाडूनच मागतात. म्हणून बचत गटातल्या आम्ही बायका तेल काढून विकायचं बघतोय. घाणा की एक्सपेलर, म्हणजे स्क्रूनं दाबून तेल काढणारं यंत्र? चालवलेल्यांनीच सांगा.

पेंडवाला_कराड: ताई, 100 किलो शेंग फोडली की दाणे 70 किलोच्या आसपास निघतात. दाण्यात तेल 45 ते 50 टक्के. त्यातून एक्सपेलरवर 30 किलोपर्यंत तेल मिळतं, घाण्यावर 27-28. बाकीचं पेंडीत जातं, म्हणून घाण्याची पेंड जनावरं आवडीनं खातात. तेल घरोघरी विकणार असाल तर घाणाच घ्या. एक्सपेलरमध्ये स्क्रूच्या घर्षणानं तेल चांगलंच तापतं, घाण्याचा वास त्याला येत नाही.

पण मशीनपेक्षा दाणा महत्त्वाचा. ओलावा 6 टक्क्यांच्या आसपास हवा. दाणा चावल्यावर कट्ट वाजला पाहिजे. ओला असला तर घाण्यात नुसता लगदा होतो. फारच कोरडा असला तर पाण्याचा हबका मारावा लागतो, तोही बेतानं.

आणि बुरशीचा, काळपट, सुरकुतलेला दाणा एकही जाऊ देऊ नका. अफ्लाटॉक्सिन हे त्या बुरशीचंच विष. रिफायनरीत ते निघून जातं, आपलं तेल तर नुसतं गाळलेलं. त्या विषातलं बरंचसं पेंडीत उतरतं, तिथून म्हशीच्या दुधात. निवडायला तुमच्याकडे हात आहेत, गटाची खरी ताकद तीच.

माणदेशी_रान: एक्सपेलरला इतकी नावं ठेवू नका. गावाची शेंग मजुरीवर काढून द्यायची असेल तर घाणा पुरा पडत नाही. एक घाणी, म्हणजे एका वेळचा दाणा, उतरायलाच किती वेळ जातो!

कृष्णाकाठची_लेक: मजुरीचं काम नाही करायचं, आपलंच विकायचं. मग घाणाच. तेल गढूळ राहतं म्हणतात, त्याचं काय करायचं?

पेंडवाला_कराड: स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवस हलवू नका, गाळ खाली बसतो. मग वरचं तेल कापडातून गाळून घ्या. उन्हात ठेवू नका, खवट होतं. डबा पूर्ण कोरडा हवा.

विकण्याआधी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाशी जोडलेलं 35 टक्के अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतात का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. घाण्याला पैसे देण्याआधी आपलाच निवडलेला दाणा विक्रेत्याकडे नेऊन समोर काढून घ्या. तेल आणि पेंड दोन्ही तोला.