पुढचा स्कूबा अभ्यासक्रम: घराजवळची खाण की दूरचा समुद्र?

प्रश्न

नमस्कार. मागील वर्षी सुट्टीत पॅडी या स्कूबा प्रशिक्षण संस्थेचा ओपन वॉटर हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर माझे ११ डाइव्ह झाले. १८ मीटरच्या मर्यादेत वावरता येते, परंतु एका जागी स्थिर राहायचे म्हटले की मी एकतर वर सरकतो, नाहीतर तळाला टेकून गाळ उडवतो. शिवाय जोडीदाराच्या सिलिंडरमध्ये निम्मी हवा शिल्लक असताना माझी संपत आलेली असते. म्हणून ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रम करण्याचा विचार आहे. समुद्र दूर आहे. मात्र घरापासून तासाभरावर पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत एक केंद्र हा अभ्यासक्रम शिकवते. तेथील पाणी थंड आणि गढूळ असते. तेथे शिकलेले समुद्रात उपयोगी पडेल का, आणि प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे?

प्रतिसाद १

सर्वांत आधी खाणीची खोली विचारावी. या अभ्यासक्रमात पाच डाइव्ह असतात. त्यांपैकी खोल पाण्यातला आणि दिशाशोधनाचा असे दोन सक्तीचे असून उरलेले तीन आपल्या पसंतीचे असतात. खोल डाइव्ह १८ ते ३० मीटरच्या दरम्यान व्हावा लागतो, त्यामुळे खाण १२ मीटरचीच असेल तर तो कोठे करून घेणार, हे केंद्राकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

तरंगण्यावरच्या नियंत्रणाचा डाइव्ह मात्र आपण अवश्य निवडावा, कारण आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. पाण्याखाली राहण्यासाठी कमरेला बांधलेले शिसे गरजेपेक्षा जास्त असले की ते पेलण्यासाठी बीसीडीत (हवा भरून तरंगण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या जाकिटात) जास्त हवा भरावी लागते. ती हवा थोडे वर गेले की प्रसरण पावते, थोडे खाली गेले की आकुंचन पावते, आणि तिला आवरण्याच्या धडपडीत श्वास वाढतो. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये ५० बार (बार हे दाबाचे एकक) उरलेले असताना, पाच मीटरवर बीसीडी जवळजवळ रिकामे ठेवून स्थिर राहता आले, तर शिशाचे वजन बरोबर आहे असे समजावे. हे आधी साधणे महत्त्वाचे आहे, कारण ३० मीटरवर दाब चार बार असतो आणि तेथील प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या चौपट हवा लागते.

प्रतिसाद २

मी हा अभ्यासक्रम अशाच एका खाणीत केला, आणि दिशाशोधन तेथे शिकलो याचे मला आजही समाधान वाटते. जेमतेम दोन मीटरपर्यंतचे दिसत होते. प्रशिक्षकांनी आधी ३० मीटरची दोरी तळाशी अंथरून, तेवढ्या अंतराला माझ्या पायांतले फिन किती वेळा हलतात हे मोजायला लावले आणि मग होकायंत्र हाती देऊन चौकोन पूर्ण करायला सांगितले. पहिल्या खेपेस मी होकायंत्र तिरके धरले, आतली तबकडी अडकली आणि मी निघालो त्या जागेपासून बराच दूर पोहोचलो. दुसऱ्या खेपेस ते छातीसमोर आडवे, सपाट धरले, तेव्हा खुणेचा दगड अगदी नाकासमोर आला. स्वच्छ पाण्यात मी खडक पाहून परतलो असतो आणि होकायंत्रावर विसंबायला कधीच शिकलो नसतो.

दोन गोष्टी मात्र खाण शिकवत नाही. प्रवाह आणि बोटीवरून पाण्यात उतरणे यांचा सराव समुद्रातच होतो. तसेच खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे समुद्रात दोन-अडीच किलो शिसे वाढवावे लागते. खाणीतला आकडा तेथे जसाच्या तसा वापरू नये.

प्रतिसाद ३

एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतील, हेही विचारावे. नियमानुसार आठपर्यंत चालतात, परंतु गढूळ पाण्यात आठ जणांवर एकट्याने लक्ष ठेवणे मला तरी सुरक्षित वाटत नाही. तीन-चार जणांचा गट असेल तरच नाव नोंदवावे. खाण समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून उंचावर असेल, तर डाइव्हचे नियोजन उंचीनुसार बदलावे लागते. काठावर आपत्कालीन ऑक्सिजन तयार असतो का, याचीही खात्री करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज केंद्राशी बोललो. खाण २४ मीटर खोल आहे, गट तिघांचा आहे आणि ऑक्सिजन काठावरच ठेवतात. पहिला डाइव्ह तरंगण्याच्या नियंत्रणाचा घ्यावा, ही विनंती प्रशिक्षकांनी मान्य केली असून पाण्यात उतरण्यापूर्वी माझ्या शिशाचे वजन ते स्वतः तपासणार आहेत. मी नाव नोंदवले आहे.