कळपाचा फायदा-तोटा: हिशेब नेमका कसा जुळतो?

कुरणकाठ
‘कळपात सुरक्षितता’ हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण एका झुडपाला दहा तोंडं लागतात, गोचिडी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात, आणि शंभर हरणं शिकाऱ्याला लांबूनच दिसतात. मग धोका वाटला जातो हे गणित टिकतं का? थव्यातली टेहळणी मोजायची असेल तर कशी मोजतात?

टेहळ्या
टिकतं, पण अट आहे. शंभरांत तुमची पाळी शंभरात एक, हे खरं. मात्र कळप शंभरपट झाला म्हणून हल्लेही शंभरपट झाले, तर हाती काहीच उरत नाही. फॉस्टर आणि ट्रेहर्न यांनी १९८१ साली पाण्यावर पळणाऱ्या हॅलोबेटिस कीटकांवर हे तपासलं. मासे खालून येतात, त्यामुळे ‘जास्त डोळे’ (गट मोठा तर शिकारी लवकर दिसतो) हा मुद्दा तिथे आपोआप बाद होतो. गट लहान असो की मोठा, हल्ले साधारण तेवढेच. म्हणजे गट वाढला की प्रत्येकाचा वाटा घटत गेला.

आता डोळ्यांचं. एक पाखरू २० टक्के वेळ मान वर ठेवतं आणि प्रत्येकाची मान आपापल्या लयीत वर होते असं धरा. कुठल्याही क्षणी निदान एक मान वर असण्याची शक्यता पाच पाखरांत ६७ टक्के, दहांत ८९, वीसांत जवळजवळ ९९. म्हणजे दहाच्या पुढे पहारा फारसा वाढत नाही. खरी कमाई वेळेची आहे: वीस जण असले तर तोच ८९ टक्के पहारा प्रत्येकी साडेदहा टक्के वेळेत होतो, उरलेल्या वेळात दाणे टिपायचे.

उभा दगड
वरचं सगळं सरासरीचं झालं. कडेचा आणि मधला सारखा नसतो. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९७१ मध्ये हेच मांडलं. प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये घालायला बघतो, म्हणून कळप घट्ट होतो. सहकार्य बिहकार्य काही नाही त्यात.

आणि कळप ‘सर्वोत्तम’ आकाराचा असतो असंही समजू नका. समजा एकट्याला १० दाणे मिळतात, चौघांत प्रत्येकी १६, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकागणिक एक दाणा कमी. चौघांचा गट सगळ्यात चांगला. पण पाचव्याला बाहेर १०, आत १५. तो शिरणारच. सहावा, सातवाही. दहाव्याला आत-बाहेर सारखंच, तिथे भरती थांबते. आधीचे हुसकावून लावू शकत असले किंवा येणारा नात्यातला असला, तर आकडा बदलतो.

पाणवठा
मोजण्याबद्दल. गेल्या गेल्या सुरुवात करू नका. तुम्हाला बघूनच माना वर होतात. सगळे पुन्हा चरायला लागले की एक प्राणी धरा, दोन मिनिटं फक्त त्याच्यावर नजर. हरणांसाठी दर दहा सेकंदांनी वर/खाली अशी नोंद चालते. चिमणीसारख्या पाखराची मान सेकंदभरही वर राहत नाही, तिथे व्हिडिओ घेऊन संथ करून बघायचा. सोबत चार गोष्टी लिहा: गटाची संख्या, कडेला की मध्ये, शेजारी किती लांब, आडोसा किती लांब. मध्येच गट फुटला तर ती नोंद रद्द.

सगळ्यात जास्त घोटाळा अन्नाचा होतो. मोठा गट बहुधा दाट अन्नावरच जमतो. मान खाली आहे ती निर्धास्त म्हणून, की दाणे भरपूर म्हणून? शक्य असेल तर सारखं अन्न पसरलेल्या जागांचीच तुलना करा. एकाच पाखराच्या दहा नोंदी म्हणजे दहा पाखरं नव्हेत, हेही विसरतात लोक.

टेहळ्या
परजीवींचं राहिलं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात कडेपाकोळ्यांच्या (cliff swallow) मोठ्या वसाहतींत रक्त पिणारे ढेकूण जास्त असतात. धुरी देऊन ढेकूण मारलेल्या घरट्यांतली पिल्लं जास्त वजनदार भरली. तरी पाखरं एकत्र राहतात, कारण रिकामी परतलेली पाकोळी चोच भरून आलेलीच्या मागे जाऊन किड्यांचा ढग गाठते.

कुरणकाठ
मान वर आहे पण तोंड चावतंय, हे कशात धरू?

पाणवठा
तिसरा रकाना करा. रवंथ करणाऱ्यांत तो फार भरतो; ‘वर’मध्ये मिसळला तर आकडा फुगतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही.