मदत हवी आहे: जिप्सीला टर्बो की सुपरचार्जर?

राम राम मंडळी. मी चाळीसगावचा. घरी जुनी जिप्सी आहे, 1.3 लिटर पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी). सपाटीला तक्रार नाही, पण कन्नडचा औट्रम घाट लागला की रडते. मागे चार माणसं आणि केळीचे दोन घड असले तर वळणावर थेट पहिला गिअर, आणि मागच्या पिकअपवाल्याचा हात हॉर्नवरच.

आमचा मेकॅनिक म्हणतो, टर्बो टाक भाऊ, सायलेन्सरमधून वायू फुकटच जातोय, त्यावरच फिरेल. (टर्बो काय, सुपरचार्जर काय, दोन्ही इंजिनात जास्त हवा दाबून भरतात, म्हणजे ताकद वाढते.) पटतं. पण घाटात आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) खाली असतात, टर्बो जागा होईपर्यंत वळण संपायचं. सुपरचार्जर क्रँकच्या बेल्टवर चालतो, म्हणजे पाय दिला की लगेच ओढ. पण तो इंजिनाचीच थोडी ताकद खातो, पेट्रोलही पितो.

खरी भीती उन्हाची. मे महिन्यात इकडे पारा 44-45 वर. दाबलेली हवा तशीही तापते, त्यात ही भट्टीतली हवा. इंटरकूलर (ही हवा गार करणारा) लावूनही नॉकिंग झालं, म्हणजे पेट्रोल-हवा आपोआप भडकून ठोके बसले, तर पिस्टन गेलेच समजा.

कोणी हे केलंय का? कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) कमी न करता किती बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, सोसतं? इंजेक्टर, पेट्रोल पंप बदलावा लागला का? मोटार वाहन कायद्यातल्या कलम 52 मुळे (गाडीतल्या बदलांचं कलम) आरटीओची मंजुरी लागेल, ती कोणाला मिळाली असेल तर कागदपत्रं सांगा. विम्याचंही.

वडिलांचा सल्ला आधीच मिळालाय: “घाटात सावकाश जा, फुकट आहे.” तो सोडून बोला.