सार्कोमा फुफ्फुसांत पसरल्यावर उपचार कसे ठरवतात?

प्रश्न (सांगली) :
माझ्या वडिलांच्या मांडीतली गाठ दोन वर्षांपूर्वी चरबीची समजून काढली गेली आणि तपासणीत ती सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींचा कर्करोग, निघाली. आता सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीन लहान गाठी दिसल्या आहेत. अहवालात नेमका प्रकार लिहिलेला नाही, तरी सोमवारपासून केमो सुरू करू असे डॉक्टर म्हणाले. आजार पसरला म्हणजे शस्त्रक्रियेचा मार्ग बंदच झाला का?

उत्तर (कर्करोगतज्ज्ञ) :
बंद झाला असे धरून चालू नका. हातापायांतला सार्कोमा बहुधा आधी फुफ्फुसांतच जातो. गाठी मोजक्या असतील, मूळ जागी आजार परतलेला नसेल आणि श्वसनक्षमता चांगली असेल, तर त्या काढण्याचा विचार जरूर होतो, आणि पहिली गाठ काढल्यापासून फुफ्फुसांत गाठी दिसेपर्यंतचा काळ जितका मोठा तितकी आशा अधिक. मात्र आधी प्रकार ठरलाच पाहिजे, कारण सार्कोमाचे 50हून अधिक प्रकार आहेत. बहुतेकांना पहिले औषध डॉक्सोरुबिसिन असले, तरी लायोमायोसार्कोमाला (अनैच्छिक स्नायूंच्या सार्कोमाला) जेमसायटाबिन आणि डोसिटॅक्सेलही देतात, चरबीच्या सार्कोमात पाझोपॅनिब हे औषध सहसा वापरत नाहीत, आणि जठर-आतड्यांतल्या जिस्ट नावाच्या सार्कोमाला तर नेहमीची केमो लागूच पडत नाही, तिथे इमॅटिनिबच्या गोळ्या चालतात. जुन्या रुग्णालयातून पॅराफिन ब्लॉक मागून घ्या आणि सार्कोमा नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या.

उत्तर (दुसऱ्या एका सार्कोमा रुग्णाची पत्नी) :
ब्लॉक म्हणजे नखाएवढा तुकडा बसवलेली मेणाची वडी. आम्ही ती रुमालात गुंडाळून परळच्या टाटा रुग्णालयात नेली. तिथे प्रकार ठरला आणि मग औषध. डॉक्सोरुबिसिन लालभडक असते, त्यानंतर लघवीही लालसर होते. पहिल्या दिवशी रक्त समजून मी हादरले होते. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाच पाहिजे, हे आवर्जून विचारा. मुक्कामासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.

प्रश्नकर्ता :
ब्लॉकसाठी सोमवारची केमो पुढे ढकलली, तर आजार हाताबाहेर जाईल का?

उत्तर (कर्करोगतज्ज्ञ) :
धाप, खोकल्यातून रक्त किंवा छातीत पाणी नसेल, तर निदान पक्के करण्यासाठी आठ-दहा दिवस गेल्याने सहसा नुकसान होत नाही. तरीही परस्पर तारीख चुकवू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना उद्याच भेटून हे स्पष्ट विचारा.